थेंब पसरला, तरी तार सुटली: कुपवाडच्या एका वायर बाँडिंग लाइनचे प्रकरण

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतले एक छोटे युनिट. काम दाब मोजणाऱ्या मॉड्यूलचे. हे मॉड्यूल ठिबकच्या फिल्टरवर किंवा पंपाच्या डिलिव्हरी पाइपवर बसते आणि ० ते १० बार दाब दाखवते. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की ठिबक आणि ऑटोमेशनवाल्यांच्या ऑर्डरी वाढतात. म्हणजे या युनिटचा धावपळीचा काळ जुलै ते सप्टेंबर, आणि त्याच्या तोंडावर, जूनमध्येच, बोर्डवरच्या तारा सुटू लागल्या.

प्रकरण शिकण्यासाठी मांडले आहे. युनिटचे नाव दिलेले नाही, आणि आकडे अशा कामात येतात त्या पट्ट्यातले, उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

बोर्डवर काय असते

१.६ मिलिमीटर जाडीचा एफआर-४ (काचेचे धागे आणि इपॉक्सी राळ यांचा) बोर्ड. पॅडवर तांबे, तांब्यावर ४ ते ५ मायक्रॉन निकेल आणि निकेलवर रासायनिक पद्धतीने चढवलेले पातळ सोने, ०.०५ ते ०.०८ मायक्रॉन म्हणजे ५० ते ८० नॅनोमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

बोर्डवर दोन चिप. पहिली सिग्नल सुधारणारी, ती चांदीच्या इपॉक्सीने, म्हणजे चांदीचे कण मिसळलेल्या गोंदाने, चिकटवतात आणि १५० अंशाला एक तास क्युअर करतात, म्हणजे तापवून घट्ट करतात. दुसरी दाबाची. तिच्यातला पडदा पातळ सिलिकॉनचा असतो आणि बोर्ड तापून वाकला की त्याचा ताण पडद्यावर येऊन रीडिंग सरकते. म्हणून ती कडक इपॉक्सीवर बसवत नाहीत, मऊ सिलिकोन रबरावर बसवतात आणि तेही ओव्हनमध्येच क्युअर करतात. (सिलिकॉन म्हणजे चिपचे मूलद्रव्य, सिलिकोन म्हणजे रबर, ग्रीस, जेल या स्वरूपात येणारे रसायन. दुकानात दोन्हीला एकच शब्द चालतो. या प्रकरणात तो घोटाळा परवडणारा नाही.)

मग प्लाझ्माने पॅडची सफाई, आणि मग बाँडिंग, म्हणजे चिप आणि बोर्ड बारीक तारांनी जोडणे. तार २५ मायक्रॉनची, ॲल्युमिनियममध्ये १ टक्का सिलिकॉन घातलेली. वेज बाँडिंग (पाचरीसारख्या टूलने तार दाबून), तापमान खोलीचे, जोडणी अल्ट्रासॉनिक कंपनाने. पहिला बाँड चिपच्या ॲल्युमिनियम पॅडवर, दुसरा बोर्डच्या सोन्यावर. एका बोर्डवर २० तारा, त्यांतल्या ६ दाबाच्या चिपच्या. शेवटी सगळ्यावर सिलिकोन जेल.

बाँड होतो कसा, हे एकदा नीट डोळ्यांपुढे आणलेले बरे. तार पॅडवर दाबली जाते, टूल काही मिलिसेकंद तिला पुढे-मागे घासते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची काही नॅनोमीटरची कातडी असते. ती ठिसूळ असल्याने फुटते, बाजूला ढकलली जाते आणि ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. पॅडवर तेलकट, सेंद्रिय थर असेल तर तो फुटत नाही, नुसता पसरतो. साबण लावलेल्या फरशीवर पाय घासावा तसे. मशीनला वाटते बाँड झाला, कारण तारेचा चपटा ठसा उमटलेला असतो, पण खाली जोड नसतो.

जूनमध्ये काय दिसले

मेपर्यंत पुल टेस्टमध्ये एखादी तार बोर्डच्या बाजूने उचलली जायची, आणि तिच्याकडे कुणी फारसे पाहत नव्हते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाँडर, म्हणजे तारा जोडणारे मशीन, दिवसातून अनेकदा ‘तार चिकटली नाही’ असा इशारा देऊन थांबू लागला. पुल टेस्टमध्ये हुक लावून तार वर ओढली की ती तुटण्याऐवजी सोन्यावरून अख्खी सुटून यायची.

रजिस्टर मात्र सगळे लॉट पास दाखवत होते. मिल-एसटीडी-८८३ या अमेरिकी लष्करी चाचणी-मानकाच्या २०११ या पद्धतीत २५ मायक्रॉन ॲल्युमिनियम तारेला सील करण्यापूर्वी किमान २.५ ग्रॅम-बल लागते. सुटलेल्या तारा ४, ५, कधी ६ ग्रॅमला सुटत होत्या. आकडा मर्यादेच्या वर, म्हणून पास. पण २.५ ही तळाची मर्यादा आहे, चांगल्या जोडाची खूण नव्हे. चांगल्या जोडात तार टाचेला, म्हणजे बाँडला लागून जिथे ती चपटी होते तिथे, किंवा मधल्या लूपमध्ये तुटते आणि पॅडवर धातू शिल्लक राहतो. ५ ग्रॅमला टाचेला तुटलेली तार ही ६ ग्रॅमला सुटलेल्या तारेपेक्षा केव्हाही चांगली. रजिस्टरमध्ये ग्रॅमचा रकाना होता, तुटण्याच्या प्रकाराचा नव्हता. या प्रकरणातला सगळ्यात महागडा कागद हाच.

शिवाय ग्रॅमचा आकडा लूपच्या उंचीवर हलतो. हुक मधोमध असेल तर तारेवरचा ताण म्हणजे ओढ भागिले कोनाच्या साइनची दुप्पट. तार आडवीशी १५ अंशांत असेल तर १० ग्रॅमच्या ओढीला तारेत जवळपास १९ ग्रॅम ताण येतो, ३० अंशांत असेल तर १० ग्रॅमच. त्यामुळे लूप बुटका ठेवला की चांगली तारसुद्धा कमी ग्रॅमला तुटते. लूपची उंची न लिहिता दोन लॉटचे ग्रॅम शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

तीन उपाय आणि त्यांनी केलेले नुकसान

पावसाळा सुरू झाला आणि तारा सुटू लागल्या. निदान तयारच होते: दमट हवा. एफआर-४ पाणी शोषतो ही गोष्ट खरी. ओला बोर्ड प्लाझ्माच्या चेंबरमध्ये ठेवला की व्हॅक्यूम खाली यायला वेळ लागतो हेही खरे. म्हणून जूनपासून सगळे बोर्ड असेंब्लीआधी १२० अंशाला दोन तास बेक करायचे ठरले. तक्रार वाढली तसे दोनाचे चार तास झाले. तक्रार आणखी वाढली.

मग बाँडरची अल्ट्रासॉनिक पॉवर वाढवली. इशारे कमी झाले, आणि हे यश म्हणून नोंदवलेही गेले. पण पॉवर वाढली की तार जास्त चपटी होते, टाच पातळ होते. ठसा तारेच्या व्यासाच्या साधारण सव्वा ते दीडपट रुंद असावा, इथे तो दुपटीकडे गेला. आठवड्याभरात टाचेच्या भेगा सुरू झाल्या आणि सिग्नलच्या चिपवर दोन ठिकाणी पॅडखालचे सिलिकॉनच तडकून खड्डा पडला. घाण पॅडवर जोर लावून बाँड बसवणे म्हणजे गंजलेल्या नटावर लांब पान्याने लटकणे. नट फिरतो किंवा बोल्ट मोडतो, आणि कोणते होईल ते आपल्या हातात राहत नाही.

तिसरा उपाय प्लाझ्माचा. मूळ कृती ऑक्सिजन, ३ मिनिटे. ती १० मिनिटांवर नेली. चांदीचे इपॉक्सी काळे पडले (ऑक्सिजन प्लाझ्मात चांदीचे ऑक्साइड होते), हिरव्या सोल्डर मास्कची (बोर्डवरच्या संरक्षक थराची) चकाकी गेली, आणि तारा सुटतच राहिल्या.

थेंबाने फसवले

इथे प्लाझ्माबद्दल थोडे. बंद चेंबरमधली हवा काढून ०.१ ते ०.५ मिलिबार दाबाला थोडा वायू सोडायचा आणि त्यात १३.५६ मेगाहर्ट्झची ऊर्जा द्यायची (काही मशीन ४० किलोहर्ट्झवर किंवा २.४५ गिगाहर्ट्झवरही चालतात). वायूचे अणू फुटतात, आयन आणि इलेक्ट्रॉन होतात, चेंबर उजळतो. ऑक्सिजन रसायनाने काम करतो: सेंद्रिय थरातल्या कार्बन-हायड्रोजनचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ करून पंपात धाडतो. आर्गॉन रसायन करत नाही. त्याचे जड आयन पृष्ठभागावर आपटतात आणि वरचे अणू उडवतात. ऑक्सिजन जाळतो, आर्गॉन खरवडतो, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. बोटांचे तेल, इपॉक्सीतून निघालेली राळ यांना ऑक्सिजन उत्तम. धातूचे ऑक्साइड ऑक्सिजनने जात नाही, उलट वाढते. तिथे आर्गॉन किंवा थोडा हायड्रोजन मिसळलेला आर्गॉन लागतो.

प्लाझ्मा झाला की नाही, हे युनिटमध्ये पाण्याच्या थेंबाने तपासत. पॅडवर २ मायक्रोलिटर शुद्ध पाणी ठेवायचे, बाजूने फोटो काढायचा, कोन मोजायचा. घाण पृष्ठभागावर थेंब गोळा होऊन बसतो, स्वच्छ पृष्ठभागावर पसरतो. मर्यादा २० अंशांची होती. जुलैत रोज ८ ते १२ अंश येत होते. चाचणी उत्तम पास, आणि पलीकडच्या टेबलावर तारा सुटत होत्या.

कोन कमी म्हणजे पृष्ठभागाला पाणी आवडते, एवढाच त्याचा अर्थ. काचेलाही पाणी आवडते. काचेवर मात्र ॲल्युमिनियमची तार अशी बसत नाही.

या प्रकरणाची किल्ली इथे आहे. सिलिकोन तापले की त्यातून चक्राकार सिलॉक्सेनची वाफ निघते आणि आसपासच्या पृष्ठभागांवर बसते. हा थर साध्या तेलासारखा नाही, त्याच्या कण्यात सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी आहे. ऑक्सिजन प्लाझ्मा त्याच्यातला कार्बन-हायड्रोजन जाळून टाकतो, पण सिलिकॉन वायू होऊन जात नाही. मागे उरते सिलिकॉन ऑक्साइड, म्हणजे काही नॅनोमीटरची काचच. ती पाणी खेचून घेते, म्हणून थेंब सुरेख पसरतो. जितका वेळ ऑक्सिजन जास्त, तितका तो काचेचा थर पक्का. साफसफाईच्या नावाखाली पॅडवर लुकण चढत होते.

तपास

पहिली तुलना फसली आणि का फसली ते सांगण्यासारखे आहे. ‘चिप नसलेला कोरा बोर्ड’ घेऊन त्यावर पॅड ते पॅड तारा टाकल्या. त्याही सुटल्या. निष्कर्ष निघाला की बोर्डचे सोनेच खराब आहे, आणि बोर्ड पुरवठादाराला पत्र गेले. पण तो कोरा बोर्ड कोरा नव्हता. नव्या नियमाप्रमाणे तो त्याच ओव्हनमध्ये चार तास बेक झाला होता.

दुसऱ्या वेळी बोर्ड व्हॅक्यूम पाकिटातून थेट काढले. चिप कुठेच नाही, सगळ्या तारा सोन्याच्या एका पॅडवरून दुसऱ्यावर, बाँडरची पॉवर मूळ जागी आणलेली, टूल नवे. प्रत्येक गटात ५० तारा, आणि मोजायचे फक्त एकच, किती तारा पॅडवरून सुटल्या. पाकिटातून काढून थेट बाँड केलेल्यांत ५० पैकी ४. तेच बोर्ड, पण ३ मिनिटे ऑक्सिजन दिलेले: ०. ओव्हनमध्ये बेक केलेले, प्लाझ्मा नाही: १९. बेक आणि ३ मिनिटे ऑक्सिजन: २३. बेक आणि १० मिनिटे ऑक्सिजन: २७. बेक आणि ९० सेकंद आर्गॉन: ५.

यातल्या १९, २३ आणि २७ मधल्या फरकावर इमला बांधू नये, ५० तारांत एवढे इकडचे तिकडे होते. बोलके आहेत ते दुसरे दोन आकडे. पाकिटातल्या बोर्डवर तोच ऑक्सिजन शून्यावर आणतो, म्हणजे मशीन ठीक आहे, सोने ठीक आहे. आणि ओव्हनमधून आलेल्या बोर्डवर तोच ऑक्सिजन काही करत नाही, पण आर्गॉन बरेच करतो. म्हणजे ओव्हन काहीतरी असे चढवतो जे जळत नाही.

ते काय, हे पाहायला दोन तुकडे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेले. आधी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरची, कोणती मूलद्रव्ये आहेत ते सांगणारी ईडीएस तपासणी झाली आणि पॅड स्वच्छ असल्याचा अहवाल आला. यात प्रयोगशाळेचा दोष नाही. ईडीएस साधारण मायक्रॉनभर खोल पाहते, आणि पाच नॅनोमीटरचा थर तिला निकेल-सोन्याच्या गर्दीत दिसत नाही. पृष्ठभागाचे वरचे ५ ते १० नॅनोमीटर पाहणारी तपासणी म्हणजे एक्सपीएस. तिच्यात बेक केलेल्या बोर्डवर सिलिकॉनचे शिखर १०२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आले, ते सिलिकोनचे. ऑक्सिजन दिलेल्या बोर्डवर तेच शिखर १०३.५ कडे सरकलेले, ते सिलिकॉन ऑक्साइडचे. वाद तिथे संपला.

एक्सपीएस दर वेळी परवडत नाही, आणि खरे तर लागतही नाही. हाच थेंब प्लाझ्माच्या आधी ठेवला असता तर त्याने महिनाभर आधी सांगितले असते. साध्या हाताळणीतल्या सेंद्रिय थरावर थेंबाचा कोन बहुधा ६० ते ८० अंशांत येतो. सिलिकोनच्या थरावर तो १०० च्या पुढे जातो, थेंब मण्यासारखा उभा राहतो. ओव्हनमधून आलेल्या बोर्डवर १०४ अंश मिळाले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती चढले ते पूर ओसरल्यावर जाऊन पाहण्यात काय हशील? मोजायचे ते चढताना.

छपरावरचा पत्रा

सिलिकोन मेमध्येही होते, मग जूनमध्येच का? ओव्हनचे धुराडे छतातून वर जाते. पहिल्या मोठ्या पावसात त्यातून पाणी ओव्हनवर गळले, म्हणून देखभालवाल्यांनी वर पत्रा ठोकून तोंड बंद केले. त्या दिवसापासून सिलिकोनची वाफ बाहेर जाईना. ती भिंतींवर, ट्रेवर, पंख्याच्या पात्यांवर बसू लागली, आणि त्याच ओव्हनमध्ये दुसऱ्या दिवशी कोरे बोर्ड बेकिंगला गेले की भिंतींवरून उठून सोन्यावर. दमट हवेचा संबंध होता खरा, पण छतातून.

मग घरझडती झाली. सिलिकोन कुठे कुठे आहे? प्लाझ्मा चेंबरच्या दाराच्या रबर रिंगला सिलिकोन ग्रीस लावलेले होते. ओव्हनच्या बिजागरीवर सिलिकोन स्प्रे. एका हुशार प्रयत्नात पॅड झाकायला सोनेरी पॉलिइमाइड टेप वापरली होती, तिचा गोंद बहुतेक वेळा सिलिकोनचाच असतो. टेप काढल्यावर पॅड आधीपेक्षा घाण. ऑपरेटरच्या हातांना लावायचे क्रीम, तेही त्याच जातीचे. आणि जेल भरण्याचे टेबल बाँडिंगच्याच खोलीत.

झडतीत एक वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट सापडली. मशीन जुने घेतलेले होते आणि त्याच्या रोटरी पंपात साधे खनिज तेल होते. ऑक्सिजन ओढणाऱ्या पंपात खनिज तेल म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तिथे फ्लोरिनयुक्त पीएफपीई तेल किंवा कोरडा पंप लागतो. त्या दिवशी ऑक्सिजनचा सिलिंडर बंद झाला तो पंप बदलेपर्यंत. तेल नुसते काढून नवे भरणे पुरत नाही, पंप उघडून धुवावा लागतो.

काय बदलले

सिलिकोनसाठी वेगळा ओव्हन आला आणि त्याचे ट्रे, चिमटे, हातमोजे लाल पट्टीचे झाले. सिलिकोन रबर कमी बाष्पाचे, इलेक्ट्रॉनिक्ससाठी बनवलेले घेतले. ते महाग आहे, पण एका बोर्डला लागते ते कणभर. धुराड्यावरचा पत्रा काढून पावसाळी टोपी बसवली. जुना ओव्हन आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून भागले नाही, कारण आयपीएला सिलिकोन नीट विरघळत नाही. हेप्टेनने, ओव्हन थंड असताना आणि खोली उघडी ठेवून, पुसला. वास आणि बाष्प पूर्ण गेल्यावर २०० अंशाला रिकामा, धुराडे उघडे ठेवून, आठ-आठ तास दोनदा चालवला. त्यात साक्षीला ठेवलेल्या कोऱ्या बोर्डवर कोन ७० च्या खाली आल्यावरच तो इपॉक्सी आणि बेकिंगसाठी परत घेतला.

कामाचा क्रमही फिरवला. आधी इपॉक्सी, मग प्लाझ्मा, मग सिग्नलच्या चिपच्या १४ तारा. त्यानंतर दाबाची चिप सिलिकोनवर, दुसऱ्या ओव्हनमध्ये क्युअर, पुन्हा छोटा प्लाझ्मा आणि उरलेल्या ६ तारा. प्लाझ्मा दोनदा करावा लागतो, पण २० पैकी १४ तारा सिलिकोनचे तोंडही न पाहता बसतात. तयार तारांना प्लाझ्माचा धक्का नसतो, धोका असतो तो हाताळणीचा. त्यासाठी ट्रेला कडा केल्या.

दोन्ही वेळचा वायू आर्गॉन. पहिल्या वेळी इपॉक्सीची राळ असते, तिथे पाच भाग आर्गॉनला एक भाग ऑक्सिजन मिसळला तरी चालतो, जर साक्षी बोर्डचा आधीचा कोन ९० च्या खाली असेल तरच. सिलिकोननंतरच्या वेळी शुद्ध आर्गॉन. फ्लोरिनचा वायू काच खाऊ शकतो हे खरे, ती सूचनाही आली होती. पण तो चिपच्या ॲल्युमिनियम पॅडवर फ्लोराइड सोडतो आणि त्यातून पुढे गंज लागतो. एक घाण काढायला दुसरी आणणे नको.

चालू कृती अशी. चेंबर ३० लिटरचा. बोर्ड ऊर्जा दिलेल्या तळाच्या पट्टीवर, आडवे, एका थरात, २४ नग. पूर्वी ८० नग उभ्या मॅगझिनमध्ये ६ मिलिमीटर अंतराने जात, तिथे मधल्या बोर्डच्या मध्यावर प्लाझ्मा पोहोचतच नव्हता, कडा तेवढ्या साफ होत. ०.०५ मिलिबारपर्यंत खाली, मग आर्गॉन २० एससीसीएम (प्रमाणित दाब-तापमानाला मिनिटाला तेवढे घन सेंटिमीटर), दाब ०.२ मिलिबार, १५० वॉट, ९० सेकंद. चेंबरमध्ये न शिरता जनरेटरकडे परत येणारी ऊर्जा ५ टक्क्यांच्या आत. शेवटी हवा नाही, कोरडा नायट्रोजन सोडून चेंबर उघडायचा.

९० सेकंदच का? आर्गॉन सोनेही खरवडतो. एक्सआरएफने (क्ष-किरणांनी थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राने) जाडी आधी आणि नंतर मोजली तर या कृतीत ३ ते ४ नॅनोमीटर सोने जाते. थर ५० चा असेल तर दोन वेळचे मिळून ६ ते ८ परवडतात. दहा मिनिटे लावली तर निम्म्याच्या आसपास सोने संपेल, थर विरळ असेल तिथे निकेल उघडे पडेल आणि नवे ऑक्साइड बसेल. म्हणून बाँडिंग लांबले तर प्लाझ्मा एकदाच पुन्हा करता येतो, दुसऱ्यांदा नाही. त्या बोर्डवर तशी खूण करतात.

गळती दर सोमवारी, रिकाम्या चेंबरवर. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून ६० सेकंद थांबायचे. सुरुवातीला दाब ०.०५ वरून ०.१५ मिलिबारवर जात होता. ३० लिटरमध्ये मिनिटाला ०.१ म्हणजे सेकंदाला ०.०५ मिलिबार-लिटर. २० एससीसीएम आर्गॉन म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३४. म्हणजे ‘शुद्ध’ आर्गॉनच्या जवळपास सातव्या हिश्शाएवढी हवा आत शिरत होती. रिंग बदलली, सिलिकोनऐवजी फ्लोरिनयुक्त ग्रीसचा पुसटसा हात दिला, वाढ ०.०१ वर आली. खिडकीतून दिसणारा रंगही कामाचा आहे: आर्गॉनचा प्रकाश फिकट जांभळा, तो गुलाबीकडे झुकला की हवा किंवा पाण्याची वाफ आत आहे असे समजावे.

प्लाझ्मा ते बाँडिंग दोन तास, फार तर चार. मधल्या वेळात बोर्ड नायट्रोजनच्या कपाटात, गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत नाही. त्या पिशवीतले मिसळलेले द्रव्य पृष्ठभागावर उतरते.

या मांडणीत केलेल्या पुढच्या चाचणीत ५० पैकी एकही तार सोन्यावरून सुटली नाही, आणि पुल ७ ते ९ ग्रॅमला, टाचेवर.

जे प्लाझ्माने सुटणार नव्हते

बोर्डच्या बाजूची तक्रार मिटल्यावर एक लहान तक्रार उघडी पडली, जी आधी गर्दीत दिसत नव्हती. दाबाच्या चिपवरचा पहिला बाँड अधूनमधून सुटतो. तिथे कितीही साफ करा, फरक पडत नाही. कारण घाण नाही, पाया आहे. चिप मऊ रबरावर उभी असल्याने टूल घासते तेव्हा चिपही थोडी हलते आणि कंपनाची ऊर्जा जोडात न जाता रबरात जिरते. फळीखाली उशी ठेवून खिळा ठोकण्यातला प्रकार.

यावर रबराचा थर १०० मायक्रॉनवरून ५० वर आणला, कडेने नाही तर चारही कोपऱ्यांत ठिपके देऊन. पॉवर न वाढवता बाँडची वेळ २५ वरून ४० मिलिसेकंद केली. सुटणे कमी झाले, संपले नाही. थर आणखी पातळ केला तर बोर्डचा ताण पडद्यापर्यंत पोहोचतो आणि तापमान बदलताच रीडिंग सरकते. म्हणून या ६ तारांची १०० टक्के पुल चाचणी, तार न तोडता, ठरलेल्या हलक्या ओढीने, चालू ठेवली आहे. जास्त वारंवारतेच्या ट्रान्सड्यूसरवर (टूलला कंपन देणाऱ्या भागावर) चाचण्या करायच्या आहेत.

रजिस्टरमध्ये आता ग्रॅमच्या शेजारी तुटण्याच्या प्रकाराचा रकाना आहे, लूपची उंची आहे, आणि प्रत्येक क्युअरच्या साक्षी बोर्डचा प्लाझ्माआधीचा कोन आहे. ९० च्या वर गेला की तो लॉट प्लाझ्माकडे जात नाही, कुणीतरी ओव्हनकडे आणि मग छपरावर जाते. जेलचे टेबल मात्र अजून त्याच खोलीत आहे, फक्त बाँडरपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, एग्झॉस्टखाली. वेगळी खोली पुढच्या वर्षीच्या खर्चात धरली आहे.